‘बार्बेरियन’ला मराठीत काय म्हणावे?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. शालेय वाचकांसाठी लिहिलेल्या जगाच्या इतिहासावरील एका इंग्रजी पुस्तकाचे आपण मराठी भाषांतर करीत आहात, त्यात ‘बार्बेरियन’ हा शब्द पानोपानी येतो, आणि आपण सर्वत्र ‘रानटी’ हा प्रतिशब्द योजला आहे. एका स्नेह्यांनी ‘म्लेच्छ’ सुचवला, दुसऱ्यांनी ‘बर्बर’ सुचवला, आणि हा इंग्रजी शब्द मुळात संस्कृत ‘बर्बर’वरूनच गेला असा एक मजकूरही आपल्याकडे फिरत फिरत आला. तेव्हा त्यात तथ्य किती, आणि सगळीकडे चालेल असा एकच शब्द निवडायचा तर कोणता, असे आपण विचारले आहे. सोबत नमुन्याची तीन वाक्ये दिली आहेत. त्यांतील तिसरे वाक्य, ‘येथे मीच रानटी आहे, कारण माझे बोलणे कोणालाच कळत नाही’, लिहिताना आपला हात अडखळला, हे आपण प्रांजळपणे नमूद केले आहे. माझ्या मते त्या अडखळण्यातच आपल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर दडलेले आहे.

इतिहास आणि संदर्भग्रंथ यांचा इंग्रजीतून मराठीत अनुवाद करण्याचे काम मी सत्तावीस वर्षे करीत आलो आहे, आणि या शब्दाने मला एकदा चांगलेच तोंडघशी पाडले आहे. ती हकीकत पुढे येईल. प्रथम एवढेच सांगतो, की आपण शोधत असलेला एकच प्रतिशब्द अस्तित्वात नाही. अडीच हजार वर्षांत या शब्दाचा अर्थ ‘ज्याची भाषा आपल्याला कळत नाही तो’ येथून निघून ‘परका’, ‘असंस्कृत’ आणि शेवटी ‘क्रूर’ येथवर सरकला आहे, आणि आपल्या पुस्तकात हे चारही अर्थ एकमेकांशेजारी नांदत आहेत. कोणत्या ठिकाणी कोणता शब्द योजावा हे वाक्यातला काळ कोणता, बोलणारा कोण आणि वाचणारा कोण, यांवर अवलंबून राहील.

मुळापासून सुरुवात करू. ग्रीक शब्द ‘बार्बारोस’. तो ध्वनीच्या नकलेतून तयार झाला, याविषयी अभ्यासकांत फारसा वाद नाही. ज्याची भाषा समजत नाही त्याचे बोलणे कानाला ‘बर-बर-बर’ असे ऐकू येते, म्हणून तो ‘बार्बारोस’. आपल्याकडे बडबड, बरळणे, बोबडे हे शब्द याच जातीचे आहेत, आणि लॅटिनमध्ये तोतऱ्याला ‘बाल्बुस’ म्हणत तेही त्याच वळणाचे. होमरच्या ‘इलियड’च्या दुसऱ्या सर्गात ट्रॉयच्या बाजूने लढणाऱ्या कॅरियन लोकांना, म्हणजे आजच्या तुर्कस्तानच्या नैर्ऋत्य भागातील लोकांना, ‘बार्बारोफोनोस’ असे विशेषण लावले आहे. शब्दशः पाहिले तर ‘बर-बर बोलणारे’. ते क्रूर होते, रानात राहत होते किंवा कच्चे मांस खात होते, असे त्या विशेषणात कोठेही सुचवलेले नाही. शेरा आहे तो त्यांच्या बोलण्यावर, किंबहुना ऐकणाऱ्याच्या कानावर.

हे दूरचे वाटत असेल तर जवळचे सांगतो. माझे लहानपण मुंबईतल्या एका चाळीत गेले. साठ-सत्तरच्या दशकांत दाक्षिणात्य माणसाची टर उडवण्यासाठी ‘यंडुगुंडू’ हा शब्द सर्रास वापरला जाई. हा शब्द ना तमिळ आहे, ना तेलुगू. मराठी कानाला त्या भाषा जशा ऐकू आल्या, त्याची ती नक्कल आहे, आणि म्हणूनच त्याची घडण ‘बार्बारोस’शी अगदी तंतोतंत जुळते. आमच्या शेजारी एक तमिळ कुटुंब राहत असे. आम्ही मुले जिन्यात ‘यंडुगुंडू’ करीत पळायचो. एके दिवशी त्यांच्या घरातील आजी दारात बसून आपल्या नातीला हातवारे करीत काहीतरी ऐकवीत होत्या आणि नात पोट धरून हसत होती. जवळ गेल्यावर ऐकू आले, ‘काय-काय, नाय-नाय, हाय-हाय’. ते आमचे मराठी होते.

आता संस्कृत ‘बर्बर’विषयी. हा शब्द संस्कृतात आहे, यात शंका नाही. महाभारतात शक, यवन अशा परकीय जमातींच्या नामावळीत बर्बर येतात. त्याहून लक्षणीय बाब अशी, की ऋक्प्रातिशाख्य या वेदोच्चाराच्या ग्रंथात ‘बर्बरता’ हे रेफाच्या, म्हणजे ‘र’च्या, सदोष उच्चाराचे नाव आहे. म्हणजे येथेही गोष्ट पुन्हा जिभेपाशी आणि कानापाशीच येते. दोन भाषांत इतके सारखे शब्द सापडले की एकाने दुसऱ्याकडून उचलला असणार, असे वाटणे स्वाभाविक आहे. तथापि नकलेतून जन्मलेल्या शब्दांना हा न्याय लावताना फार जपावे लागते. कावळ्याला अनेक भाषांत ‘का’चे नाव मिळाले, ते त्या भाषांनी एकमेकींना पत्रे पाठवल्यामुळे नव्हे. ग्रीक आणि संस्कृत शब्द एकाच प्राचीन नकलेचे वंशज असतील, स्वतंत्रपणे घडले असतील, किंवा पुढच्या काळातील संपर्काने एकाचा दुसऱ्यावर संस्कार झाला असेल, या तिन्ही मतांना पाठीराखे आहेत.

इंग्रजी शब्दाची वाट मात्र स्वच्छ दिसते. ग्रीकमधून लॅटिनमध्ये ‘बार्बारुस’, तेथून मध्ययुगीन लॅटिन आणि जुनी फ्रेंच, आणि तेथून मध्ययुगाच्या उत्तरार्धात इंग्रजी. या वाटेवर संस्कृतचा मुक्काम कोठेच नाही. म्हणून आपल्याकडे आलेल्या मजकुरातील ‘संस्कृतवरून इंग्रजीत गेला’ हे विधान चुकीचे समजावे, आणि ‘संस्कृतात त्याचा जुळा दिसावा असा शब्द आहे’ एवढेच बरोबर मानावे. गंमत अशी, की याच ग्रीक शब्दाचे शिक्के हिंदी महासागराच्या काठाकाठाने उमटलेले आहेत. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात सिंधूच्या मुखावरील बंदराचे नाव ‘बार्बारिकोन’ असे दिले आहे, आणि तोच ग्रंथ पुढे आपले सोपारा व कल्याण यांचाही उल्लेख करतो. उत्तर आफ्रिकेच्या किनाऱ्याला युरोपीय खलाशी ‘बार्बरी’ म्हणत आणि तेथील लोकांना ‘बर्बर’ हे नाव चिकटले. ते लोक स्वतःला अमाझिग म्हणवतात. विषयांतर होते आहे, पण ‘रुबार्ब’ या इंग्रजी शब्दाच्या शेपटीतही हाच ‘बार्बार’ दडलेला आहे, कारण लॅटिनमध्ये त्या औषधी मुळीला ‘परदेशी ऱ्हा’ अशा अर्थाचे नाव होते; ‘ऱ्हा’ हे त्या मुळीचेच जुने नाव. आपल्याकडे काष्ठौषधींच्या दुकानात तीच रेवाचिनी म्हणून मिळते, आणि तिच्याही नावातून तिचे परदेशीपण, म्हणजे चिनी असणे, सुटलेले नाही.

‘म्लेच्छ’ सुचवणाऱ्या आपल्या स्नेह्यांचे पहिल्यांदा अभिनंदन केले पाहिजे, कारण व्युत्पत्तीच्या दृष्टीने इतका जवळचा शब्द दुसरा नाही. धातुपाठात, म्हणजे संस्कृत धातूंच्या यादीत, ‘म्लेच्छ्’ या धातूचा अर्थ ‘अव्यक्ते शब्दे’ असा दिला आहे, म्हणजे अस्पष्ट बोलणे. पतंजलीच्या महाभाष्य या व्याकरणग्रंथाच्या पहिल्याच आह्निकात, म्हणजे प्रकरणात, असुरांची कथा येते. त्यांना ‘हे अरयः’, म्हणजे ‘अहो शत्रूंनो’, असे ओरडायचे होते. ते ‘हेलयो हेलयः’ असे ओरडले आणि पराभूत झाले, म्हणून ब्राह्मणाने अशुद्ध बोलू नये, ‘न म्लेच्छितवै नापभाषितवै’. त्याला लागूनच पतंजली म्हणतो, ‘म्लेच्छो ह वा एष यदपशब्दः’, अपशब्द हाच म्लेच्छ. ‘र’च्या जागी ‘ल’ आला एवढेच त्यांच्या पराभवाचे कारण.

असे असूनही आपल्या पुस्तकात ‘म्लेच्छ’ योजू नये असेच मी म्हणेन. शब्दाचा जन्म कसाही झालेला असो, वाचकाच्या मनात त्याची जी शेवटची प्रतिमा आहे तीच उमटते. मराठी वाचकाला ‘म्लेच्छ’ म्हटले की विटाळ, आचारभ्रष्टता आणि मध्ययुगीन राजकारणातील एका विशिष्ट धर्माचे लोक आठवतात. ग्रीकांच्या ‘बार्बारोस’मध्ये तुच्छता पुढे भरपूर आली, पण शिवाशिवीची कल्पना त्यात नव्हती. ती आपण भाषांतरातून घुसवण्याचे कारण नाही. आणखी एक पेच आहे. आपल्या ग्रंथकारांच्या यादीत ग्रीक स्वतःच म्लेच्छ होते. आयोनियन या नावावरून आलेला ‘यवन’ हा शब्द मूळचा त्यांचाच. कार्ल्याच्या चैत्यगृहात खांबांवर दात्यांची नावे कोरली आहेत, त्यांत धेनुकाकट येथील यवनांनी दिलेल्या खांबांची नोंद आहे, आणि लोणावळ्याच्या सहलीला गेलेल्या कोणालाही ते खांब आजही पाहता येतात. सहाव्या शतकातला वराहमिहिर बृहत्संहितेत तर सरळ लिहितो, ‘म्लेच्छा हि यवनास्तेषु सम्यक् शास्त्रमिदं स्थितम्’. यवन म्लेच्छ खरे, पण ज्योतिषशास्त्र त्यांच्यापाशी उत्तम नांदते आणि म्हणून तेही ऋषींप्रमाणे पूज्य ठरतात. ज्यांनी जगाला ‘बार्बारोस’ म्हटले त्यांना आपण म्लेच्छ म्हणत होतो आणि त्यांच्याकडून ज्योतिषही शिकत होतो. हा प्रसंग आपल्या वाचकांना एखाद्या चौकटीत जरूर सांगावा. प्रतिशब्द म्हणून ‘म्लेच्छ’ वापरल्यास मात्र सगळा घोटाळा होईल.

आता माझी फजिती. व्यवसायाच्या तिसऱ्या की चौथ्या वर्षी प्राचीन ग्रीसवरील एक हस्तलिखित मी अनुवादून एका प्रकाशनसंस्थेला दिले. त्यात ग्रीक-इराणी युद्धांचे मोठे प्रकरण होते, आणि मी आपल्यासारखाच सर्वत्र ‘रानटी’ लिहून मोकळा झालो होतो. हस्तलिखित परत आले तेव्हा त्या प्रकरणाच्या पहिल्याच पानावर समासात वृद्ध संपादकांनी शिसपेन्सिलीने बारीक अक्षरात लिहिले होते, ‘हे इराणी लोक नेमक्या कोणत्या रानात राहत होते?’ खाली दुसरी ओळ होती, ‘आणि पान ११२ वर आपण त्यांच्या राजरस्त्याचे वर्णन केले आहे.’ पान ११२ उघडले. सूसापासून सार्डिसपर्यंत गेलेला, टप्प्याटप्प्याला मुक्कामाची ठाणी असलेला तो इराणी राजमार्ग मीच मोठ्या हौसेने रंगवला होता. असा रस्ता बांधणारे लोक रानटी? मी त्या दिवशी त्या प्रकरणातील प्रत्येक ‘रानटी’ खोडला, आणि नंतर दोन आठवडे त्यांच्या जागी काय लिहावे ते मला सुचत नव्हते.

ती युद्धे या शब्दाच्या आयुष्यातला निर्णायक टप्पा होती, म्हणून येथे थोडे थांबावे लागेल. इ.स.पू. ४९० मध्ये मॅराथॉन, ४८० मध्ये सॅलॅमिस, ४७९ मध्ये प्लाटिया. एरवी आपसांत भांडणारी ग्रीक नगरराज्ये एका बलाढ्य साम्राज्याविरुद्ध उभी राहिली आणि त्यांना ‘आपण ग्रीक’ ही जाणीव नव्याने झाली. ‘आपण’ ठरले की ‘ते’ कोण हेही ठरवावे लागते, आणि त्यासाठी जुना शब्द हाताशी तयार होता. ‘बर-बर बोलणारे’ ही भाषेवरची थट्टा मागे पडून ‘सर्व ग्रीकेतर’ हा अर्थ पुढे आला. इ.स.पू. ४७२ मध्ये रंगमंचावर आलेल्या एस्किलसच्या ‘इराणी’ या नाटकात तर इराणी पात्रेच स्वतःच्या लोकांना ‘बार्बारोस’ म्हणतात. ‘आम्ही परके’ असे स्वतःलाच म्हणणारी पात्रे आज विचित्र वाटतात, पण त्या वेळी तो शब्द अजून शिवी झालेला नव्हता याचीही ती खूण आहे. ग्रीक इतिहासकार हिरॉडोटसने आपल्या इतिहासाच्या पहिल्याच वाक्यात ग्रीक आणि ‘बार्बारोस’ या दोघांचीही थोर कृत्ये विस्मृतीत जाऊ नयेत म्हणून आपण लिहीत आहोत, असे म्हटले आहे. तेथे ‘रानटी लोकांची थोर कृत्ये’ असे भाषांतर केले तर वाक्य आपल्याच पायात पाय अडकून पडते.

याच हिरॉडोटसने इजिप्तविषयी लिहिताना एक वाक्य सहज टाकले आहे, की आपली भाषा न बोलणाऱ्या सर्वांना इजिप्शियन लोक ‘बार्बारोस’ म्हणतात. शेजारच्या आजी ‘काय-काय, नाय-नाय’ म्हणून आमची नक्कल करीत होत्या, ती हीच गोष्ट. पुढच्या शतकात मात्र हवा बदलली. ॲरिस्टॉटलने ‘पॉलिटिक्स’मध्ये ‘बार्बारोस’ आणि गुलाम हे स्वभावतः एकच, अशा अर्थाचे विधान केले. त्याचा गुरू प्लेटो त्याआधी ‘स्टेट्समन’ या संवादात याच वर्गीकरणाची खिल्ली उडवून गेला होता. साऱ्या मानवजातीचे ‘ग्रीक’ आणि ‘बाकीचे’ असे दोन भाग पाडायचे असतील, तर एखादा बुद्धिमान क्रौंचही एका बाजूला क्रौंच आणि दुसऱ्या बाजूला माणसांसकट बाकीचे सगळे प्राणी अशी विभागणी करील, असा त्याचा रोख होता. आपल्या पुस्तकात ॲरिस्टॉटलचे अवतरण असल्यास तेथे ‘परभाषी’ हा सौम्य शब्द चालणार नाही. तेथे ‘बार्बारोस’ असा मूळ ग्रीक शब्दच ठेवून, वाक्यातच ‘म्हणजे ग्रीकेतर’ असे जोडावे, आणि तुच्छता अवतरणातूनच दिसू द्यावी.

रोमनांची गोष्ट आणखी मौजेची. ग्रीकांच्या हिशेबाने लॅटिन बोलणारे रोमनही ‘बार्बारोस’च ठरत होते. प्लाउटुस या नाटककाराने ग्रीक नाटक लॅटिनमध्ये आणताना आपण ते ‘बार्बारुस भाषेत’ उतरवले असे मिस्कीलपणे सांगितले आहे. अनुवादकाने केलेली ही थट्टा मला फार आवडते. पुढे रोम प्रबळ झाले, त्याने ग्रीकांच्या शेजारी स्वतःसाठी पाट मांडून घेतला आणि शब्द सरहद्दीपलीकडे ढकलला, मुख्यतः जर्मानिक टोळ्यांकडे. ४१० मध्ये अलारिकच्या नेतृत्वाखाली गॉथांनी रोम लुटले, ४७६ मध्ये ओडोआकरने शेवटच्या पश्चिम रोमन सम्राटाला पदच्युत केले, आणि शाळेच्या पुस्तकांत ‘रानटी टोळ्यांनी रोमन साम्राज्य बुडवले’ हे वाक्य कायमचे बसले. आपले दुसरे नमुना-वाक्य तेच आहे. पण हाच अलारिक ३९४ मध्ये सम्राट थिओडोसियसच्या बाजूने गॉथ सैनिक घेऊन लढला होता, आणि त्याला बरीच वर्षे थोपवून धरणारा रोमन सेनापती स्टिलिको याचा बाप व्हँडल, म्हणजे अशाच एका जर्मानिक टोळीतला, होता. सरहद्दीच्या आत कोण आणि बाहेर कोण, हे त्या काळात ठरवणे अवघड होते. जर्मन इतिहासकार त्या कालखंडाला ‘लोकस्थलांतर’ म्हणतात, तर फ्रेंचमध्ये त्यालाच ‘बार्बेरियन आक्रमणे’ म्हणण्याची रीत आहे. कोणाचे पूर्वज कोणत्या बाजूला होते, हे या दोन नावांवरूनही ओळखू यावे.

‘रानटी’ या शब्दाबद्दल मला आणखी एक हरकत आहे, आणि ती निव्वळ व्यवहाराची आहे. इंग्रजीत ‘सॅव्हेज’ असा दुसरा शब्द आहे. तो लॅटिन ‘सिल्वा’, म्हणजे रान, यावरून आलेला आहे. ‘रान’वरून ‘रानटी’ आणि ‘सिल्वा’वरून ‘सॅव्हेज’ ही जोडी इतकी चपखल आहे, की ‘रानटी’ हा शब्द मी ‘सॅव्हेज’साठी राखून ठेवतो. लुइस हेन्री मॉर्गन या अमेरिकी मानवशास्त्रज्ञाने १८७७ मध्ये समाजविकासाच्या तीन पायऱ्या मांडल्या, त्यांत ‘सॅव्हेज’ अवस्था पहिली, ‘बार्बेरियन’ दुसरी आणि सुसंस्कृत तिसरी. मातीची भांडी घडवू लागला की माणूस दुसऱ्या पायरीवर आला, आणि लिपी आली की तिसऱ्या, असा त्याचा हिशेब होता. आज मानवशास्त्र ही शिडी मानत नाही, परंतु मार्क्सचा सहकारी एंगल्स याच्यामुळे ती जगभर पोचली आणि आपल्या पुस्तकात कोठेतरी ती भेटण्याचा संभव आहे. ‘बार्बेरियन’ला ‘रानटी’ देऊन बसल्यावर त्या पानावर पहिल्या पायरीसाठी आपल्या हाती शब्द उरणार नाही.

इंग्रजीतील विशेषणांचेही भान ठेवावे. ‘बार्बेरियन’ हे मुख्यतः माणसाला किंवा टोळीला लागते, तर ‘बार्बरस’ आणि आजच्या बोलण्यात ‘बार्बॅरिक’ ही विशेषणे कृत्याला, आणि तीही बहुधा क्रूर कृत्याला लागतात. एखाद्या हत्याकांडाचे वर्णन करताना ‘बार्बॅरिक’ आले तर ‘अमानुष’, ‘निर्घृण’, ‘पाशवी’ हे आपले रुळलेले शब्द वापरावेत. अलीकडे वृत्तपत्रांत ‘बर्बरता’ दिसू लागला आहे. तो हिंदीच्या वाटेने आला आहे आणि मराठीत अजून पुरता रुजलेला नाही, म्हणून आपल्या दुसऱ्या स्नेह्यांच्या ‘बर्बर’लाही मी नकार देतो. व्याकरणाच्या संदर्भात ‘बार्बरिझम’ भेटला तर त्याचा अर्थ भाषेतील अशुद्ध प्रयोग. पतंजलीचा ‘अपशब्द’ येथे किती नेमका बसला असता, पण मराठीत त्याचा अर्थ शिवी झाला आहे.

एका शब्दाच्या भाषांतराने किती अनर्थ होतो याचा दाखला हवा असेल, तर तो चीनमध्ये सापडतो. चिनी अधिकारी आपल्या कागदपत्रांत परकीयांसाठी ‘यी’ हे अक्षर वापरीत. आधीच्या इंग्रजी भाषांतरांत त्यासाठी ‘परदेशी’ असा साधा शब्दही येत असे. एकोणिसाव्या शतकात, ब्रिटिशांचा चीनशी व्यापारावरून तंटा वाढू लागला तेव्हा, तेच अक्षर ‘बार्बेरियन’ असे वाचले जाऊ लागले, आणि अपमान झाल्याची तक्रार लंडनपर्यंत गेली. अफूच्या दुसऱ्या युद्धादरम्यान १८५८ मध्ये झालेल्या तिआन्जिनच्या तहात ५१ वे कलमच असे घातले गेले, की ब्रिटिश सरकार वा प्रजाजन यांच्यासाठी चिनी सरकारी कागदांत हे अक्षर यापुढे वापरू नये. ‘यी’मध्ये तुच्छता मुळीच नव्हती, असा दावा मी करणार नाही. पण ती किती होती हे ठरवणारा शब्द इंग्रज दुभाष्याने निवडला होता, आणि तहात बंदी आली ती चिनी अक्षरावर.

मराठीची स्वतःची अडचण अशी, की परक्यासाठी आपले शब्द बहुतेक जागेवरून, नात्यावरून किंवा पेहरावावरून आलेले आहेत. परदेशी, परप्रांतीय, उपरा, तिऱ्हाईत. मराठी राज्याने युरोपीयांना ‘टोपीकर’ म्हटले तेव्हा नजर त्यांच्या डोक्यावर होती, जिभेवर नव्हती. भाषेवरून परकेपणा सांगणारा जुना शब्द एकच आठवतो, तो म्हणजे ‘कानडा’. ज्ञानेश्वरांच्या नावे असलेल्या अभंगात विठ्ठल ‘कानडा’ आहे, आणि त्या शब्दात कर्नाटकाचा आणि कळायला अवघड असा, हे दोन्ही अर्थ परंपरेने पाहिले आहेत. तुकोबांनीही कानडी बायको आणि मराठी नवरा यांचे एकमेकांना न कळणारे बोलणे रंगवले आहे. न समजणाऱ्या भाषेचे नाव देवाला प्रेमाने द्यावे, हे ग्रीकांना सुचले नाही. परंतु इराण्यांना ‘कानडे’ म्हणण्याची सोय नसल्यामुळे मी ‘परभाषी’ हा शब्द वापरू लागलो, आणि तो गरजेपुरता चालला आहे.

तेव्हा आपल्या पुस्तकापुरते माझे मत असे. ग्रीक संदर्भात पहिल्यांदा शब्द येईल तेथे दोन-तीन वाक्यांत ‘बर-बर’ची गोष्ट सांगून टाकावी. मुले ती विसरणार नाहीत, आणि मग पुढे ‘परभाषी’ किंवा ‘ग्रीकेतर’ निर्धास्तपणे वापरता येईल. रोमच्या प्रकरणात सामुदायिक शब्द टाळून शक्य तेथे नावे द्यावीत, जसे गॉथ, व्हँडल, हूण. आपले दुसरे वाक्य ‘४१० साली अलारिकच्या गॉथ सैन्याने रोम लुटले’ इतके सरळ होऊ शकते, आणि त्यात माहितीही अधिक आहे. मंगोलांसाठी ‘भटके पशुपालक’ किंवा नुसते ‘मंगोल’ पुरे. ‘रानटी’ हा शब्द मात्र हद्दपार करू नका. एखादा रोमन सेनापती शत्रूला हिणवतो आहे असे वाक्य असेल, तर तेथे तोच हवा, कारण तो त्या पात्राच्या तोंडचा आहे, लेखकाच्या नव्हे. आपले पहिले वाक्य, ‘ग्रीकांच्या दृष्टीने सुसंस्कृत इजिप्शियनसुद्धा रानटी होते’, हे मी असे करीन: ‘इजिप्शियन कितीही सुसंस्कृत असले, तरी ग्रीकांच्या लेखी ते परभाषीच होते.’

राहिले तिसरे वाक्य. ते ओव्हिड या रोमन कवीचे आहे. सम्राट ऑगस्टसने इ.स. ८ मध्ये त्याला काळ्या समुद्राकाठच्या टोमिस येथे, म्हणजे आजच्या रुमानियातील कॉन्स्टान्त्सा येथे, हद्दपार केले. तेथून त्याने लिहिले, की येथे ‘बार्बारुस’ मीच, कारण माझे बोलणे कोणालाही कळत नाही, आणि त्याला जोडून पुढची ओळ आहे, की मठ्ठ गेटी लोक, म्हणजे तेथील स्थानिक, माझ्या लॅटिन शब्दांना हसतात. रोमच्या सर्वांत सफाईदार कवीवर ‘बर-बर’ची पाळी आली. येथे ‘रानटी’ का अडखळतो ते आता उघड आहे, कारण ओव्हिड काही रानातून आला नव्हता. ‘परभाषी’ अर्थाने अचूक आहे, पण कवितेत कोरडा पडतो आणि त्यात डंख नाही. प्रौढ, संस्कृत जाणणारा वाचक समोर असता तर, वर इतके सांगूनही, मी येथे ‘म्लेच्छ मीच’ असे लिहिले असते, कारण त्यात न कळणारे बोलणे आणि अपमान दोन्ही आहेत. आपल्या वाचकांसाठी ‘येथे परका मीच, माझे बोलणे कोणालाच कळत नाही’ असे करावे, आणि गेटी लोक हसतात ती ओळ इंग्रजी पुस्तकाने गाळली असली तरी आपण शेजारी द्यावी. त्यातला ‘मठ्ठ’ हा शब्दही ठेवावा, कारण स्वतःला ‘बार्बारुस’ म्हणवून घेतानाही ओव्हिडने त्यांना तो टोमणा मारलाच आहे.